घरची बेगमी : दुष्काळनिवारणाचे एक दुर्लक्षित अंग



दुष्काळनिवारण म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे तीन चित्रे उभी राहतात. एक अन्नछत्राचे, दुसरे चाऱ्याच्या छावणीचे आणि तिसरे पाण्याच्या टँकरचे. ही तिन्ही कामे अगत्याची आहेत व त्यांसाठी समिती आपणांकडे नेहमीप्रमाणे हात पसरणारच आहे. परंतु या लेखात आम्हांस एका चौथ्या कामाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. ते काम म्हणजे हंगामात जे मुबलक पिकते ते वाळवून, खारवून व नीट झाकून अडचणीच्या महिन्यांसाठी घरात राखून ठेवणे. याला आपल्या आज्या 'बेगमी' म्हणत असत. हे काम बायकांचे व किरकोळ समजले जाते. म्हणून समित्यांच्या जमाखर्चात त्याला रकाना नसतो. तो असावा, असे आमचे म्हणणे आहे. ते का, व त्यात व्यापारी, जमीनदार आणि इतर दाते यांचा वाटा कोणता, हे क्रमाने सांगतो.

आमच्याकडील टंचाईचे महिने कोणते?

थंड देशांत टंचाईचा काळ हिवाळा होय. बर्फाने जमीन झाकली की तेथे काही उगवत नाही. म्हणून तेथील गृहिणी उन्हाळ्यात फळे व भाज्या टिकवून हिवाळ्याची सोय लावतात. इंग्रजी पुस्तके वाचून आम्हीही तोच क्रम आपल्याकडे लावू गेलो, तर मोठी चूक होईल. हदगाव तालुक्यात पैनगंगा आणि कयाधू यांच्या काठी हिवाळा हाच भरल्या घराचा ऋतू आहे. मार्गशीर्ष-पौषात हरभऱ्याचा पाला कोवळा असतो, मेथी स्वस्त असते, वांगी व टोमॅटो बाजारात कोणी विचारीत नाही, बोरीखाली बोरांचा सडा पडतो. माघात तूर घरात येते व चिंच उतरते. खरी अडचण सुरू होते ती वैशाखात. विहिरींचे पाणी तळाला जाते, भाजी महाग होते, मजुरी बंद पडते. पुढे पेरणीला सगळी रोकड बियाण्यात व खतात जाते. आषाढ-श्रावणात रान हिरवेगार दिसते, पण ते हिरवेपण अजून घरात आलेले नसते. वैशाखापासून श्रावणापर्यंतचे हे चार महिने म्हणजे आमचा खरा 'हिवाळा' होय. पाऊस बुडाला की हाच काळ वाढून सहा-आठ महिन्यांचा होतो.

धान्य असूनही उणीव कशाची?

येथे एक शंका निघेल की, आता सरकार धान्य देते, मग घरच्या साठ्याची जरूर काय? शंका रास्त आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ प्रमाणे प्राधान्य गटातील माणसास दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हा मोठा आधार आहे, आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ५ किलोचा हिशेब दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम पडतो. शेतात राबणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या भुकेचा हा तिसरा हिस्साही नाही. शिवाय ते नुसते धान्य आहे. भाकरीबरोबर जे लागते, ज्याला आपल्या बोलीत 'कोरड्यास' म्हणतात, ते त्या पिशवीत नाही. डाळ नाही, भाजी नाही, तेल नाही. म्हणून अडचणीच्या महिन्यांत गरिबाच्या घरी पोट भरण्याचा आव आणला जातो तो भाकरी, मीठ व तिखट यांवर. मुलांचा रातांधळेपणा, बाळंतिणीचे पांढरे पडणे, लहानसहान तापाने अंथरूण धरणे यांचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आम्ही वकिलीच्या धंद्यात बरीच वर्षे घालविली आहेत. हातउसन्याच्या व गहाणाच्या चिठ्ठ्या आमच्यापुढे येतात, त्यांचे कारण विचारले तर बियाणे, दवाखाना व लग्न ही तीन नावे प्रथम सांगितली जातात. परंतु पक्षकारास जरा बसवून घेऊन वाण्याची वही पाहिली, तर ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतची ओळ न् ओळ डाळ, तेल, मिरची, गूळ यांचीच असते. पुढे दिवाळीला माल निघाला की तो थेट त्या वहीत जातो. म्हणजे चार महिन्यांच्या कोरड्यासापायी वर्षाचे पीक गहाण पडते. हे ऋण दिसण्यात लहान, पण दरसाल उगवणारे आहे. मडकेभर वाळली भाजी व डब्यात चार पायल्या डाळ घरात असेल, तर त्या वहीतील निम्म्या ओळी उमटत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

इतिहासही हेच सांगतो. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या १८८० च्या दुष्काळ आयोगाने असे मत दिले की, या देशातील दुष्काळ हे धान्याच्या अभावापेक्षा कामाच्या व मजुरीच्या अभावाचे असतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडले: बाजारात अन्न असते, पण ते घेण्याची शक्ती माणसाच्या हातात नसते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या मराठवाड्याने खडी फोडून दिवस काढले. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी व सुकडी यांच्या आठवणी ज्यांच्या तोंडी आहेत अशी माणसे अजून गावोगाव आहेत. त्या कामांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. मजुरीचा मार्ग कायद्याने दाखविला. घरातील साठ्याचा मार्ग मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपविला गेला, आणि तो हळूहळू बुजत चालला आहे.

साठा का नाहीसा झाला?

पूर्वी या भागातील बेताच्या घरातही ज्वारीची कणगी असे. तुरीच्या काड्यांची किंवा बांबूची विणून ती शेणामातीने लिंपीत. मोठ्या वाड्यांतून बळद असे, गावच्या पांढरीत पेवे असत, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. कापसात तुरीची व अंबाडीची ओळ, बांधाला चवळी व घेवडा हे सांगावे लागत नसे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनला रोख भाव मिळतो हे खरे. परंतु ते खळ्यावरून थेट अडतीत जाते, त्याची भाकरी होत नाही व त्याचा कडबाही निघत नाही. तणनाशकाने तांदुळजा, पाथरी, घोळ या आपोआप उगवणाऱ्या भाज्याही मारल्या. अशा रीतीने कणगी गेली, मिश्र पीक गेले, रानभाजी गेली; आणि तिन्हींच्या जागी वाण्याची वही आली.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. वाळवण ही वेळ मागणारी गोष्ट आहे. ज्या दिवसांत हरभऱ्याचा पाला खुडावयाचा, त्याच दिवसांत मजूर बाई पहाटे कापूस वेचावयास जाते व किलोच्या हिशेबाने पैसे घेते. घरी बसून भाजी वाळविली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आमच्या जिल्ह्यातून जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, त्यांची स्थिती तर याहून बिकट असते. भाजीचा सारा हंगाम ती उसाच्या फडात असतात. परत येतात ती चैत्र-वैशाखात, रिकाम्या मडक्यांकडे. मागे राहिलेली म्हातारी व नातवंडे यांनी त्या काळात काय खाल्ले, हे विचारण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही.

म्हणून 'बायकांना वाळवण शिकवा' असे जे सुचविले जाते, ते अपुरे आहे. त्यांना ते येते. आम्हांसच ते त्यांच्याकडून शिकावे लागले. उणीव आहे ती हंगामातील माल, मीठ, झाकणाची भांडी आणि त्या कामाच्या दिवसाची मजुरी, या चार गोष्टींची.

पदार्थ टिकतो तो का?

दात्यांनी ज्या कामास पैसा द्यावयाचा त्याचे मर्म त्यांस कळावे, म्हणून थोडे शास्त्र सांगतो. अन्न नासते ते बुरशी व सूक्ष्म जंतू यांमुळे, तसेच खुद्द पाल्यातील पाचक रसांमुळे. या सर्वांना पाणी लागते. पाणी काढून घ्या, किंवा मीठ अथवा गूळ यांनी ते बांधून टाका, की नासाडी थांबते. वाळवण, खारवण, लोणचे व मुरंबा ही सर्व या एकाच तत्त्वाची रूपे होत. युरोपात फ्रेंच सरकारने १७९५ साली अन्न टिकविण्याच्या युक्तीसाठी बक्षीस लावले. निकोला आपेर या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न बंद करून उकळण्याची रीत शोधून १८१० साली १२,००० फ्रँक मिळविले. ती रीत कशी लागू पडते हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्याचे कारण पुढे अर्धशतकाने लुई पाश्चरच्या संशोधनाने उघड झाले. आमच्याकडील आजीलाही कारण ठाऊक नव्हते, पण रीत अचूक होती.

याचा सर्वांत चांगला दाखला आमच्या हळदीचा आहे. हळद काढल्यावर आम्ही ती तशीच उन्हात टाकीत नाही. प्रथम शिजवितो, मग दहा-पंधरा दिवस वाळवितो. शिजविल्याने रंग सर्वत्र सारखा होतो व वाळणे लवकर होते. हीच युक्ती भाजीला लावावयाची आहे.

काय, केव्हा व कसे वाळवावे

हरभऱ्याचा पाला. आमच्या मते हा पहिल्या मानाचा. फुले येण्यापूर्वी शेंडे खुडावेत. जमीनदारांनी येथे विशेष लक्ष द्यावे: वेळेवर शेंडे खुडल्याने हरभऱ्याचे नुकसान होत नाही, उलट त्याला फांद्या अधिक फुटतात. हा पाला न धुता, न उकडता सावलीत पसरून वाळवितात. कारण त्याची आंबट चव पानांवरील आंबेत असते व ती पाण्याने जाते. इतर पालेभाज्यांत पाणी दहात नऊ भाग असते. हरभऱ्याच्या पाल्यात ते सुमारे तीन-चतुर्थांशच असते. म्हणून दहा किलो पाल्यातून अडीच ते तीन किलो वाळली भाजी हाती येते, आणि तीत प्रथिने व चुना यांचे प्रमाण चांगले असते. मूठभर वाळला पाला, ज्वारीच्या कण्या किंवा थोडे डाळीचे पीठ, लसूण आणि मिरची एवढ्यावर चार माणसांचे कोरड्यास होते.

मेथी, अंबाडी, चवळीचा पाला. हा स्वच्छ धुवून उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवावा किंवा फडक्यात बांधून वाफेवर धरावा, आणि लगेच सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरावा. वाफेने पाचक रस मरतात, रंग व वास टिकतो. सावलीचा आग्रह यासाठी की, पाल्यातील जो अंश शरीरात जाऊन डोळ्यांना उपयोगी पडतो, तो कडक उन्हात पुष्कळसा नाहीसा होतो. दहा किलो पाल्याचा सुमारे एक किलो माल होतो.

गवार, वांगी, कारली, भेंडी, टोमॅटो. गवार तीन-चार मिनिटे उकडून, वांग्या-कारल्यांच्या पातळ काचऱ्या करून थोडे मीठ लावून उन्हात वाळवाव्यात. टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून वाळविल्या तर चिंचेऐवजी आमटीस चालतात. भाव पडल्यामुळे जो टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतला जातो, त्यातून एका वस्तीचे वर्षाचे आंबट निघेल.

बोरे, चिंच, कैरी. बोरे वाळवून कुटावीत. बोरकूट मुले आवडीने खातात. चिंच चिंचोके काढून मीठ लावून गोळे करून ठेवावी. वैशाखातील वादळाने पडलेल्या कैऱ्या फुकट जातात. त्यांच्या फोडी वाळवून आंबोशी करावी. लोणच्यास मीठ कमी घालण्याचा मोह नको. फोडींच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके मीठ असावे.

सांडगे व खारोड्या. चैत्रात मूग-हरभऱ्याच्या डाळीचे सांडगे व ज्वारी-बाजरीच्या खारोड्या कराव्यात. आमटीत दोन मुठी सांडगे टाकले की डाळ व भाजी या दोहोंचे काम भागते.

आता एक भेद सांगणे अवश्य आहे. पापड, कुरडया व शेवया ही वाळवणे आपल्या घरांची शोभा आहेत. परंतु दुष्काळाच्या वर्षी समिती त्यांस पैसा देत नाही. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत ठेवून रोज पाणी बदलावे लागते, आणि त्या तळण्यास तेल लागते. ज्या वर्षी लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या २०१६ सालासारख्या उन्हाळ्यात असला पदार्थ गरिबाला परवडत नाही. म्हणून आमची कसोटी अशी: करताना पाणी थोडे लागावे, खाताना तेल थोडे लागावे, आणि शिजण्यास सरपण थोडे लागावे. पाला वाफविलेले पाणीही फेकू नये. एकाच पाण्यावर चार-पाच घाण निघतात, व मीठ नसलेले असे पाणी निवल्यावर जनावरास पाजता येते.

पुरते वाळले हे ओळखावे कसे

याबाबत आमच्याच एका चुकीची कबुली देतो. पहिल्या खेपेस आम्ही घाई केली. ढगाळ हवेत वाळविलेला मेथीचा पाला हाताला कोरडा लागला म्हणून त्याच संध्याकाळी डब्यांत भरून झाकणे लावली. महिन्याभरात डबे उघडले तो आत करड्या बुरशीचे जाळे. बायकांनी 'उन्हात घालून वापरू' असे सुचविले. इतक्या कष्टाचा माल टाकवेना. परंतु तो सर्व पुरावा लागला, कारण काही बुरशींचे विष उन्हाने जात नाही व शिजवूनही जात नाही. भुईमूग, मका व मिरची यांवर येणारी अशीच एक बुरशी यकृतास घातक असते, हे व्यापारी बंधूंना ठाऊक असेलच. दात्यांचा पैसा आमच्या घाईने वाया गेला, याची येथे नोंद राहावी.

तेव्हापासून नियम असा केला की, पाला मुठीत चुरला असता त्याची पूड झाली पाहिजे. काचरी वाकता कामा नये, कट्टकन मोडली पाहिजे. एवढ्यावरही न थांबता थोडा माल काचेच्या बरणीत घालून चार-पाच दिवस ठेवावा. झाकणाच्या आतून दव जमले तर सर्व माल पुन्हा पसरावा. भरताना भांडे कोरडे, माल निवलेला व झाकण घट्ट असावे. पत्र्याच्या छपरावर वाळवावयाचे असेल तर खाली स्वच्छ धडपे अंथरावे. ज्यांच्याकडे जुने माळवद आहे त्यांनी ते वस्तीतील इतरांस वापरू द्यावे, एवढी विनंती.

धान्य व डाळ यांविषयी

ज्वारी दाताखाली कट्ट वाजली पाहिजे. शास्त्राच्या भाषेत तिच्यातील ओलावा शेकडा १२ च्या आत असावा. तुरीच्या डाळीस एरंडेलाचा हात, धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा चाळलेली राख हे उपाय घरगुती साठ्यास पुरेसे आहेत. कीड मारण्याच्या विषारी गोळ्या राहत्या घरात ठेवणे म्हणजे मृत्यूस घरी बोलावणे होय. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसास उठू देत नाही.

पेवाचे तत्त्व मोठे चतुर आहे. मुरमाड किंवा पांढरीच्या जमिनीत खड्डा घेऊन, आत कडबा लावून, धान्य भरून तोंड लिंपले की धान्य श्वास घेते, आतील प्राणवायू संपतो, कोंदट वायू साठतो, आणि त्याने किडे मरतात. परंतु तोच वायू माणसासही मारतो. पेव उघडल्यावर ते पुष्कळ वेळ उघडे ठेवावे, दिवा दोरीने खाली सोडावा. दिवा विझला तर कोणीही उतरू नये. पाण्याचे भयही ध्यानात घ्यावे. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. आमच्याकडेही २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातील अतिवृष्टीने दाखवून दिले की, मराठवाड्याला आता कोरड्या व ओल्या अशा दोन्ही दुष्काळांची तयारी ठेवावी लागेल. म्हणून नदीकाठच्या घरांनी साठा जमिनीत न ठेवता माळ्यावर, पुराच्या रेषेच्या वर ठेवावा.

तीन गोष्टी सर्वथैव वर्ज्य

एक, फवारणी झालेल्या शेतातील पाला. कापसाच्या फवारणीचा शिडकावा शेजारच्या ओळीवरही पडतो. म्हणून मालकाने स्वतः 'येथे फवारले नाही' असे सांगितल्यावाचून समिती पाला घेत नाही. दोन, औषधाचे रिकामे डबे. ते कितीही धुतले तरी अन्नास लावू नयेत. तीन, शिजविलेली भाजी बाटलीत घट्ट बंद करून ठेवण्याचा हौशी प्रयोग. आंबट नसलेल्या भाजीतील एका जंतूचे बीज साध्या उकळीने मरत नाही. त्यास दाबाखालील १२१ अंश उष्णता लागते. हवाबंद बाटलीत ते विष निर्माण करते, आणि चव वा वास यांवरून ते कळेलच असे नाही. घरात वाळवण, खार व आंबट हेच मार्ग सुरक्षित होत.

आमची मागणी

जमीनदार बंधूंस. हरभऱ्याची खुडणी करू द्यावी. तीस आपणांस एक पैही पडत नाही. कापूस व सोयाबीनच्या कडेने अंबाडी, चवळी व गवारीची एखादी ओळ पेरावी व ती फवारणीपासून दूर राखावी. भाव पडलेला माल फेकण्याऐवजी समितीस निरोप धाडावा. वाहनाची तजवीज आम्ही करू.

व्यापारी बंधूंस. मीठ, गूळ, डाळ, तेल व झाकणाचे स्वच्छ डबे मूळ खरेदीच्या भावाने द्यावेत, आणि ते वैशाखात नव्हे तर मार्गशीर्षात द्यावेत. एक नाजूक गोष्टही स्पष्ट बोलतो. दिवाणी व्यवहार संहितेच्या, म्हणजे १९०८ च्या कायद्याच्या, कलम ६० ने ऋणकोची स्वयंपाकाची भांडी, आणि शेतकऱ्याची अवजारे, निर्वाहास लागणारी जनावरे व बी-बियाणे जप्तीतून वगळली आहेत. कायदा करणाऱ्यांस एवढे कळत होते की, चूल विझवून कर्ज वसूल होत नाही. भांडे राखले आणि भांड्यातला साठा उधारीपोटी उचलला, तर कायद्याचा शब्द राहिला, पण हेतू बुडाला. घरात डाळ दिसली म्हणून बाकीचा तगादा लावू नये, एवढे अभय आपण होऊन द्यावे.

इतर दात्यांस. आपली देणगी संक्रांतीच्या आत पोहोचावी. उन्हाळ्यात दिलेला रुपया भाजी विकत घेतो. हिवाळ्यात दिलेला रुपया ती साठवितो, आणि वर एका बाईला एका दिवसाची मजुरी देतो. समिती खुडणी व वाळवण यांचे काम वस्तीत एकत्र करविते, त्या दिवसाची मजुरी चुकविते आणि तयार माल काम करणाऱ्या घरांत व ऊसतोडीस गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या माणसांत वाटते. त्यामुळे जे मिळते ते भिक्षा नव्हे, तर श्रमाचे फळ असते. अन्नछत्राच्या रांगेत जी मानी म्हातारी उभी राहत नाही, ती स्वतःच्या मडक्यातील पाला निःसंकोचपणे शिजविते.

याचा अर्थ सरकारी मदतीची जरूर नाही, असा कोणी करू नये. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त भागातील लोकांना शिधापत्रिका नाही म्हणून धान्य नाकारू नये व मुलांना सुटीतही शाळेतील जेवण मिळावे, असे आदेश दिले. तो हक्क आहे व तो मागताना संकोच नसावा. त्यासाठी अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करतो. परंतु हक्काचे धान्य आणि घरचे कोरड्यास ही दोन्ही एका ताटात आली, तरच त्यास जेवण म्हणता येईल.

वाचकहो, पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. पौषातील स्वस्ताई आषाढापर्यंत पोहोचविणे मात्र आपल्या हाती आहे. शेतातील पाला, दुकानातील मीठ आणि आपल्या पदरचा एक दिवसाचा रोजगार एवढेच ते मागते. हे तिन्ही आपणांपाशी आहेत. ते वेळेवर द्यावेत, अशी हात जोडून विनंती करून हा लेख पुरा करतो.

समितीच्या वतीने,
हदगाव, जिल्हा नांदेड